चार मीटर आणि बत्तीस रुपये : नाशिकच्या छोट्या डिझेल गाडीचा इतिहास

आजच्या धाग्यात किल्ला नाही, ताम्रपट नाही आणि तहसुद्धा नाही. आज एका मोटारीचा इतिहास पाहायचा आहे. २०१३ साली नाशिकच्या कारखान्यातून एक गाडी बाहेर पडू लागली. तिला मागून पाहिले की कोणीतरी तिचे शेपूट कापले असावे असा भास होई. तो भास नव्हता. शेपूट खरोखरच कापलेले होते. कापणारे हात नाशिकचे होते, पण मोजपट्टी दिल्लीच्या अर्थसंकल्पातून आली होती.

गाडीचे नाव महिंद्रा व्हेरिटो वाइब. लांबी ३,९९१ मिलिमीटर, म्हणजे चार मीटरला अवघे ९ मिलिमीटर कमी. डिझेल इंजिन १,४६१ सीसीचे, म्हणजे दीड हजाराला ३९ सीसी कमी. हे दोन आकडे लक्षात ठेवा. एका मध्यमवर्गीय स्वप्नाचा जन्म आणि मृत्यू बऱ्याच अंशी यांच्या आसपास घडला आहे.

आधी थोडे मागे जाऊ. मराठी मुलखाला डिझेल इंजिनाची ओळख मोटारीतून झाली नाही, विहिरीवरून झाली. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत खेडोपाडी ‘इंजीन’ या शब्दाचा अर्थच विहिरीवर धडधडणारे डिझेल इंजिन असा झाला. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला नोझल म्हणजे काय, पंपाने एअर धरला तर तो कसा काढायचा, हे मोटार दारात येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. पुढे ट्रॅक्टर आले आणि ही ओळख पक्की झाली. डिझेल हॅचबॅक नाशिक जिल्ह्यात इतक्या सहज रुळली, त्यामागचे हे कारण मला नेहमी दुर्लक्षित वाटत आले आहे. शहरी ग्राहकाला डिझेलचे भय असे. इथल्या माणसाला ते घरचे यंत्र होते.

त्यात नाशिक शहर स्वतःच डिझेलवर पोसलेले. साठीच्या दशकात सातपूरची औद्योगिक वसाहत आकाराला आली आणि ते दशक संपत असताना मोटार इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजेच ‘मायको’, येथे आली. ही बॉश या जर्मन कंपनीची भारतीय शाखा. नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनत. हा डिझेल इंजिनाचा सर्वांत नाजूक अवयव. डिझेलमध्ये ठिणगी टाकणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी आणि नेमक्या क्षणी तीत इंधनाचा फवारा सोडायचा, एवढाच खेळ. तो फवारा सोडणारी छिद्रे आधुनिक नोझलमध्ये मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी असतात. असले काम करणाऱ्या कुशल कामगारांची एक पिढी या शहराने पाहिली. २००८ साली कंपनीचे नाव बदलून बॉश झाले. चौकाचे नाव मात्र आजही मायको सर्कलच आहे. नाशिककर ते बदलण्याच्या मनःस्थितीत दिसत नाहीत.

आता गाडीकडे. रुडॉल्फ डिझेलने आपले यशस्वी इंजिन १८९७ साली चालवून दाखवले. मर्सिडीजने १९३६ मध्ये ते प्रवासी मोटारीत बसवले. पण लहान, स्वस्त हॅचबॅकमध्ये डिझेल घालण्याची कल्पना जगात रुजली ती १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फपासून: दीड लिटरचे इंजिन आणि पन्नास अश्वशक्ती. युरोपात तिला निमित्त मिळाले १९७३ च्या तेलटंचाईचे.

आपल्याकडे निमित्त वेगळे होते, आणि तो या इतिहासाचा गाभा आहे. डिझेल हे ट्रकचे, एसटीचे आणि शेतीपंपाचे इंधन. त्याचा भाव वाढला तर भाजी महागते, या विचाराने केंद्र सरकारे ते वर्षानुवर्षे पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त ठेवत आली. सवलत होती मालवाहतुकीला आणि शेताला. पण पंपावर नळी धरणाऱ्याला समोर ट्रक आहे की मोटार, याने काही फरक पडत नव्हता. मग मोटार बनवणाऱ्यांना वाटले, आपणही या सावलीत का बसू नये?

पहिले प्रयत्न आपल्या आसपासचेच. नाशिकहून मुंबईला जाताना लागणाऱ्या कल्याणमध्ये नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर पाल-प्युजो ही भागीदारी ‘३०९’ नावाची पाच दारी गाडी बनवत होती. तिच्यात प्युजोचे १,५२७ सीसीचे डिझेल इंजिन मिळे. भागीदारी काही वर्षांतच मोडली. पुढे तेच इंजिन १९९८ मध्ये मारुतीने झेनमध्ये बसवले. या दोन्ही गाड्या आज कोणाला फारशा आठवत नाहीत.

आठवते ती टाटांची इंडिका. ३० डिसेंबर १९९८ रोजी ती बाजारात आली. झेनएवढी लांबी, अँबॅसिडरएवढी आतली जागा, मारुती ८०० च्या जवळपासची किंमत आणि डिझेलचा खर्च, असे तिचे सूत्र रतन टाटांनी मांडल्याचे प्रसिद्ध आहे. तिच्यासाठी निस्सानचा ऑस्ट्रेलियातील बंद पडलेला कारखाना सुटा करून जहाजांनी पुण्याला आणण्यात आला. रूपरेषेसाठी इटलीतील तुरीन शहरातल्या आयडिया या संस्थेची मदत घेतली गेली. इंजिन १,४०५ सीसीचे, टर्बो नसलेले आणि आवाजाला भरपूर. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी बऱ्याच आल्या. कंपनीने दुरुस्त्या केल्या आणि २००१ मध्ये सुधारलेली ‘व्ही टू’ आणली. मग मात्र ती चालली आणि टॅक्सीवाल्यांनी उचलून धरली. २००३ च्या सिंहस्थात त्र्यंबकेश्वर आणि शिर्डीच्या फेऱ्या मारणाऱ्या पांढऱ्या इंडिका ज्यांनी पाहिल्या, त्यांना वेगळे वर्णन नको. स्वतःची डिझेल गाडी असणे ही केवळ श्रीमंतांची किंवा ट्रकवाल्यांची बाब नाही, हे इंडिकाने महाराष्ट्राला पटवले. माझ्या मते तिची खरी ऐतिहासिक कामगिरी हीच. ‘पहिली संपूर्ण भारतीय मोटार’ हा गौरव तिच्यानंतर येतो.

याच सुमारास युरोपात तंत्र बदलत होते. फियाटच्या संशोधन केंद्रात आकाराला आलेले आणि बॉशने पूर्णत्वाला नेलेले ‘कॉमन रेल’ तंत्र १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून रस्त्यावर आले. एका सामाईक नळीत इंधन प्रचंड दाबाखाली भरून ठेवायचे आणि संगणकाच्या हुकमाने प्रत्येक सिलिंडरला अचूक थेंब द्यायचे, असे ते तंत्र. डिझेलचा धूर आणि खडखडाट निम्म्यावर आला. फियाटचे १.३ लिटरचे छोटे मल्टिजेट इंजिन २००३ चे. पुढे ते मारुतीने मानेसरला बनवून २००७ मध्ये स्विफ्टमध्ये घातले, आणि पुणे जिल्ह्यातील रांजणगावला फियाट-टाटांच्या कारखान्यात ते तयार होऊ लागले. इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत ते बसले की मोटारवेडे त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणू लागले.

यानंतर आला तो अर्थसंकल्प.

२००६-०७ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. छोटी मोटार म्हणजे कोणती? लांबी ४,००० मिलिमीटरच्या आत आणि इंजिन पेट्रोल असेल तर १,२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १,५०० सीसीपर्यंत. २००८ मध्ये हा दर १२ टक्के झाला. मोठ्या गाडीचा २४ टक्केच राहिला. म्हणजे एका रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे दुप्पट फरक.

नेमक्या याच काळात नाशिकला लोगान आली. महिंद्रा ५१ टक्के आणि रेनॉ ४९ टक्के अशी ही भागीदारी. लोगान मूळची रुमानियातील दाचिया कंपनीची, २००४ ची. काटकसरीसाठी जगप्रसिद्ध गाडी: डावा आणि उजवा बाहेरचा आरसा एकाच साच्यातला, म्हणजे एक साचा वाचला. २००७ मध्ये नाशिकहून ती बाजारात आली तेव्हा तिच्यातील दीड लिटरच्या रेनॉ डिझेल इंजिनाची वाखाणणी झाली. प्रशस्त, टिकाऊ आणि ॲव्हरेजला उत्तम. दोष एकच: लांबी सव्वाचार मीटर. काटकसरीसाठी जन्माला आलेल्या या गाडीला भारतात श्रीमंताच्या गाडीचा कर लागला. एका साच्यात वाचवलेले पैसे असे शुल्कात गेले. खप घसरत गेला, २०१० मध्ये रेनॉ भागीदारीतून बाहेर पडली आणि २०११ मध्ये गाडीचे नाव व्हेरिटो झाले.

शेपूट कापण्याची युक्ती तोवर टाटांनी करून दाखवली होती. २००८ च्या इंडिगो सीएसची लांबी चार मीटरच्या आत आणली गेली. २०१२ मध्ये मारुतीने डिझायरवर तोच प्रयोग केला. जून २०१३ मध्ये नाशिकची पाळी आली. व्हेरिटोच्या मागच्या बाजूचे सुमारे २८ सेंटिमीटर गेले आणि वाइब उभी राहिली. चाकांमधील अंतर मूळचेच ठेवल्याने आत बसणाऱ्यांची जागा तशीच राहिली. डिकी तेवढी आक्रसली. तिला हॅचबॅक म्हणावे की आखूड सेडान, यावर त्या वेळी पुष्कळ वाद झाला. कर खात्याला तो प्रश्न पडला नाही.

आता या गाड्या लोक का घेत, ते पाहू. मे २०१२ मध्ये दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या वर गेले होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आसपास होते. लिटरमागे तब्बल बत्तीस रुपयांचे अंतर! कारण जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारने मोकळे सोडले, डिझेलचे सोडले नाहीत.

आमच्या घरीही त्याच वर्षी एक डिझेल हॅचबॅक आली. राहणे सिडकोत आणि वडिलांची नोकरी सिन्नरला. जाऊन-येऊन रोजचे ६० किलोमीटर, महिन्याचे दीड हजार. वडिलांनी एका पाकिटाच्या मागे हिशेब मांडला होता. पेट्रोल गाडी लिटरला १५ जाईल, म्हणजे किलोमीटरला चार रुपये सत्त्याऐंशी पैसे. डिझेल २० जाईल, म्हणजे दोन रुपये पाच पैसे. महिन्याला सव्वाचार हजारांच्या आसपास बचत. डिझेल गाडी लाखभर रुपयांनी महाग. तो लाख दोन वर्षांत सुटतो आणि पुढचा प्रत्येक किलोमीटर नफ्याचा. असे पाकीट त्या काळात महाराष्ट्रात घरोघरी सापडले असते. डिझेल गाड्यांना महिनोन्महिने थांबावे लागे ते यामुळेच.

ती गाडी चालवणे ही एक स्वतंत्र शिस्त होती. डिसेंबरात निफाडकडे पारा झपाट्याने उतरतो. पहाटे किल्ली फिरवली की आधी हीटर प्लगची पिवळी खूण विझेपर्यंत थांबायचे, मगच सेल मारायचा. पाहुणे घाई करत; वडील शांत बसत. इंजिन सुरू झाले की सुरुवातीची काही मिनिटे सगळी गाडी गदगदत असे. हजार-पंधराशे फेऱ्यांपर्यंत गाडी मंद वाटे आणि मग टर्बो जागा झाला की पाठीला धक्का देऊन निघे. ओव्हरटेक करताना हे गणित चुकले तर मोठी पंचाईत. पण कसारा घाटात तिचे खरे रूप कळे. याच थळ घाटात रेल्वेला चढ इतका तीव्र आहे की गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिने जोडावी लागतात. शेजारच्या रस्त्याने पाच माणसे आणि दिवाळीचे सामान भरलेली आमची हॅचबॅक तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढत असे. वडपे ते गोंदे रस्ता चौपदरी झाला आणि मुंबईची फेरी एका दिवसाची झाली. त्यात डिझेलचा खर्च एसटीच्या चार तिकिटांशी स्पर्धा करू लागला.

मालकीची दुसरी बाजूही सांगायला हवी. डिझेलची सर्व्हिस पेट्रोलहून महाग, बॅटरी मोठी आणि क्लच प्लेट जड. भेसळीचे डिझेल पोटात गेले की इंजेक्टर रुसणार आणि तो खर्च महिन्याचा पगार हलवणार. विहिरीवरच्या इंजिनाचे नोझल गावातला फिटर साफ करून देई. कॉमन रेलच्या इंजेक्टरसाठी संगणक लागे. ‘घरचे यंत्र’ हा जुना विश्वास इथे हळूहळू सुटत गेला.

पुढची घसरण त्यामानाने वेगाने झाली. डिझेलवर चालणाऱ्या मोटारींना ही सवलत का मिळावी, हा प्रश्न जुनाच होता. फेब्रुवारी २०१० मध्ये किरीट पारीख समितीने डिझेल मोटारींवर ८० हजार रुपयांचे जादा शुल्क सुचवलेही होते. ते लागू झाले नाही. जानेवारी २०१३ पासून डिझेलचा भाव दरमहा थोडा थोडा वाढवण्याची सूट तेल कंपन्यांना मिळाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तो पूर्ण मोकळा झाला. वाइब बाजारात आली ती या दोन तारखांच्या मध्ये. ज्या हिशेबासाठी तिचे शेपूट कापले, तो हिशेब तिच्या पहिल्या दीड वर्षातच बिघडला. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना मनाई केली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये एकरकमी वाहन कर वाढवला: दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलहून महाग झाले. महाराष्ट्रात तसे घडले नाही, पण मुंबईतही अंतर आठ रुपयांच्या घरात उरले होते. बत्तीसाचे आठ झाले. पाकिटावरचा हिशेब कोणी पुन्हा मांडलाच नाही.

शेवटचा घाव १ एप्रिल २०२० चा. त्या दिवसापासून बीएस-६ ही प्रदूषण मानके लागू झाली. डिझेलच्या काजळीसाठी गाळणी आणि नायट्रोजन ऑक्साइडसाठी वेगळी यंत्रणा बसवणे भाग पडले. वीस लाखांच्या गाडीत हा खर्च लपतो, सात लाखांच्या हॅचबॅकमध्ये लपत नाही. शिवाय ती गाळणी साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून वेगात पळवावी लागते. द्वारका चौकातील कोंडीत ते जमणे कठीण. मारुतीने वर्षभर आधीच डिझेलमधून बाहेर पडण्याची घोषणा केली होती. व्हेरिटो आणि वाइब तोवर इतिहासजमा झाल्या होत्या. हवेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता, याबद्दल मला शंका नाही. पण सवलत ट्रकच्या नावाने, तिचा लाभ मोटारींना, आणि बाजारातून आधी गेली ती रांगेतील सर्वांत लहान गाडी, हा क्रमही नोंदवून ठेवावा असा आहे.

नाशिकला याची झळ दोन्हीकडून बसली. २०१९ च्या मंदीत बॉशच्या नाशिक कारखान्यासाठी उत्पादनबंद दिवस जाहीर झाले. ज्या शहरातील हजारो घरांची चूल नोझलच्या छिद्रांवर पेटत आली, तेथे डिझेलचे पुढे काय, हा प्रश्न कामगारांच्या बैठकीत पोचला होता. डिझेल हॅचबॅकमधून रोज सिन्नर-अंबडला जाणारे आणि डिझेलवर पोट असणारे अनेकदा एकाच घरातले होते.

चार मीटरची रेषा मात्र टिकली. २०१७ च्या जीएसटीत ती आली, सप्टेंबर २०२५ मध्ये दर १८ टक्क्यांवर आला तेव्हाही तिची व्याख्या तीच राहिली: ४,००० मिलिमीटर, डिझेल १,५०० सीसी. तोवर बाजारात डिझेल हॅचबॅक जेमतेम एक उरली होती, टाटांची आल्ट्रोझ. तीही पुण्याची, इंडिकाच्याच गावची.

आणि सातपूर? २०१९ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ३०० ही उंच बांध्याची छोटी गाडी नाशिकलाच बनवायला घेतली. २०२४ मध्ये तिचीच सुधारित आवृत्ती एक्सयूव्ही ३एक्सओ आली. दोन्हींमध्ये डिझेलचा पर्याय दिला गेला. इंजिन १,४९७ सीसीचे. लांबी पहिलीची ३,९९५ मिलिमीटर, दुसरीची ३,९९०.

तुमच्या घरी त्या काळातील डिझेल गाडीचे आरसी बुक, सर्व्हिसची वही किंवा पंपाच्या पावत्या असतील तर त्या रद्दीत देऊ नका. आमच्याकडचे ते पाकीट मी जपून ठेवले आहे. त्यावर वडिलांनी मांडलेला दोन वर्षांचा हिशेब आहे आणि खाली, वेगळ्या शाईने, प्रत्यक्षात लागलेले एकतीस महिने.